स्विच लाइटवर मार्वलची मारामारी: आधी पाय रोवायला शीक

प्रश्न असा आहे: "दादा, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेकंडहँड स्विच लाइट (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं मशीन) घेतला आणि त्यावर ‘मार्वल व्हर्सेस कॅपकॉम फाइटिंग कलेक्शन’. त्यातला मार्वल व्हर्सेस कॅपकॉम २ खेळतो. टीम मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल. दीड महिना झाला, ऑनलाइन एकही मॅच जिंकलो नाही. क्वार्टर सर्कल (खालून पुढे पाव वर्तुळात दिशा फिरवायची चाल) दहातून चार वेळाच निघतो. एवढ्याशा मशीनवर हा खेळ जमतो का, की फाइट स्टिक (पार्लरच्या मशीनसारखा काठीचा कंट्रोलर) घेऊ?"

जमतो. स्टिक आत्ता घेऊ नकोस, ते पैसे राहू देत. मी सतरा वर्षं कन्सोल दुरुस्त करतोय आणि मार्वलचे हे खेळ शाळेत असल्यापासून खेळतोय. तुझ्यासारखी पोरं महिन्याला दोन-तीन तरी येतात. सगळ्यांना वाटतं मशीन छोटं म्हणून हार होते. मशीन ठीक आहे, पण तू खेळ फार मोठा निवडलास.

तुझ्या कलेक्शनमध्ये मारामारीचे सहा खेळ आहेत: एक्स-मेन: चिल्ड्रन ऑफ द ॲटम (१९९४), मार्वल सुपर हिरोज (१९९५), एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर (१९९६), मार्वल सुपर हिरोज व्हर्सेस स्ट्रीट फायटर (१९९७), मार्वल व्हर्सेस कॅपकॉम (१९९८) आणि मार्वल व्हर्सेस कॅपकॉम २ (२०००). सातवा पनिशर, १९९३ चा, तो चालत चालत गुंडांना मारत जायचा प्रकार. ही नुसती यादी नाही, ही शिकायची शिडी आहे. पहिल्या दोन खेळांत एकास एक लढत. तिसऱ्यात दोघांची जोडी आली आणि मध्येच गडी बदलता यायला लागला. चौथ्यात जोडीदाराला क्षणभर बोलावून वार करून घ्यायची सोय झाली. शेवटच्यात प्रत्येकाचे तीन गडी, एकूण ५६ पात्रांतून निवडलेले, आणि लढणारा एक असला तरी बाकीचे दोघे मदतीला उडी मारून येतात. म्हणजे सहा वर्षांत कॅपकॉम कंपनीने एकेक पायरी वर चढवली, आणि तू थेट गच्चीवरून सुरुवात केलीस.

त्यात तुझी टीम. मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल हे त्या खेळातले चार सर्वांत भारी गडी मानले जातात, ते बरोबर आहे. पण ते भारी आहेत ते ज्याच्या हातात वेग आहे त्याच्यासाठी. मॅग्नेटोचं सगळं बळ हवेत झेप घेऊन एका क्षणात डावी-उजवी बाजू बदलण्यात आहे. तुझा क्वार्टर सर्कल दहातून चारदा निघतो, तेव्हा तुझ्या हातातला मॅग्नेटो म्हणजे कमी मार सोसणारा एक साधा माणूस, एवढंच. समोर ऑनलाइन जो भेटतो तो बऱ्याचदा वीस-पंचवीस वर्षं हा एकच खेळ खेळलेला असतो. त्याच्याकडून हरण्यात लाज नाही, पण त्यातून तू शिकतही नाहीस, कारण काय झालं हेच तुला दिसत नाही.

म्हणून आजपासून मार्वल सुपर हिरोज लाव. मुद्दाम हाच. थानोस आणि इन्फिनिटी जेम्सच्या (शक्तीच्या रत्नांच्या) कॉमिक्समधल्या गोष्टीवर बेतलेला, निवडायला दहाच पात्रं, जोडीदार नाही, मदतनीस नाही. पडद्यावर तू आणि समोरचा. लढता लढता रत्नं मिळतात, ती वापरली की थोडा वेळ ताकद वाढते, पण पहिले पंधरा दिवस त्यांच्याकडे बघूही नकोस. पात्र स्पायडर-मॅन घे. चपळ आहे, आणि त्याचा वेब बॉल हा साधा क्वार्टर सर्कल आणि पंच आहे. तुला नेमकं तेच शिकायचंय.

मी हा खेळ पहिल्यांदा पाहिला तो जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजूला, एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. आठवीत होतो. सहा मशीन, पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात आत शिरलं की अंगाला घाम आणि हाताला नाण्यांचा वास. एका नाण्याला एक डाव. हरलास की उठायचं आणि रांगेच्या शेवटी जायचं. शाळेतून परत येताना माझ्याकडे दोन नाणी असायची, कधी एकच. त्यामुळे पहिल्या दहा सेकंदांत मरणं परवडायचंच नाही. आमच्यातला जो सगळ्यांत जास्त वेळ खुर्चीवर बसायचा त्याला कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांच्या साखळ्या, फारसे येत नव्हते. त्याला मार चुकवायला यायचा. समोरचा उड्या मारून थकायचा, चूक करायचा, आणि हा दोन फटक्यांत हिशेब करायचा. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचा, तालमीत आधी पवित्रा शिकवतात, ढाक आणि धोबीपछाड नंतर.

तुझ्या मशीनवर हरायला काही लागत नाही. बटण दाबलं की पुन्हा सुरू. म्हणून तू दीड महिना न थांबता हरतोयस. यावर मी पोरांना एक गोष्ट करायला लावतो आणि ती चालते: वाटीत एक-एक रुपयाची दहा नाणी घे. हरलास की एक नाणं दुसऱ्या वाटीत. दहा संपली की त्या दिवशीचा खेळ बंद, उरलेला वेळ फक्त सराव. आठवड्याभरात तुझा हात आपोआप मागे, ब्लॉककडे (वार अडवायला) जायला लागेल.

आता मशीन. स्विच लाइट या खेळांसाठी वाईट नाही, उलट एका बाबतीत मोठ्या स्विचपेक्षा चांगला आहे. मोठ्या स्विचच्या डाव्या जॉय-कॉनवर (बाजूच्या सुट्या कंट्रोलरवर) दिशांची चार सुटी बटणं असतात. लाइटवर अखंड, अधिकच्या चिन्हासारखा डी-पॅड आहे. क्वार्टर सर्कलला अंगठा न उचलता घरंगळत न्यावा लागतो. सुट्या बटणांवर तो मधल्या फटीत अडखळतो, अखंड पॅडवर नाही. ॲनालॉग स्टिकवर, म्हणजे डी-पॅडच्या वरच्या गोल काडीवर, खेळत असशील तर आजच सोड. स्टिक नेमकी कुठल्या दिशेला आहे ते अंगठ्याला कळत नाही, आणि सेकंडहँड लाइटमध्ये ती आपोआप सरकायचा आजारही बऱ्याचदा असतो.

मशीन सेकंडहँड आहे म्हणून आधी एक तपासणी कर. सिस्टिम सेटिंगमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या पानावर बटणं तपासायची सोय आहे. तिथे जाऊन डी-पॅड फक्त खाली, हलकेच, तीस वेळा दाब. मध्ये एकदाही डावं किंवा उजवं उमटलं, किंवा दाबूनही खाली उमटलं नाही, तर आतलं रबराचं पॅड मळलंय किंवा झिजलंय. त्या रबराखाली कार्बनचा छोटा ठिपका असतो, तो खालच्या पट्टीला टेकला की बटण लागतं. धूळ आणि घामाचा थर बसला की तो नीट टेकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या बोळ्यानं साफ होतं, झिजलं असेल तर रबर बदलायचं. मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडायला जाऊ नकोस, डोकं खरवडलं की पुढचं काम तिप्पट होतं. एका दुकानातून ‘एकदम ओके’ म्हणून घेतलेला लाइट मी उघडला होता, आत वरच्या दिशेच्या ठिपक्यावर कोल्ड्रिंक वाळलेलं. पोरगा तीन महिने स्वतःलाच दोष देत होता, की मला उडीच येत नाही.

पडदा ५.५ इंचाचा आहे, पण हे जुने खेळ ४:३ चित्राचे, त्यामुळे दोन्ही बाजूंना पट्टे राहतात आणि प्रत्यक्ष चित्र साधारण साडेचार इंच कर्णाचं उरतं. चित्र ताणून पडदा भरू नकोस. स्पायडर-मॅन जाडा होतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. त्यापेक्षा जुन्या टीव्हीच्या रेघांचा फिल्टर बंद कर, बाजूची सजावट बंद कर, उजेड वाढव. मशीन डोळ्यांपासून हातभर नको, कोपर पोटाला टेकवून धर.

बटणं. हे खेळ सहा बटणांचे: तीन पंच, तीन किक, हलकी-मध्यम-जड. तुझ्या अंगठ्याखाली चारच आहेत; आर आणि झेडआर ही दोन वरच्या उजव्या कडेला. वरच्या ओळीत वाय हलका पंच, एक्स मध्यम पंच, आणि जड पंच आर वर. खाली बी हलकी किक, ए मध्यम किक, जड किक झेडआर वर. आर ला तर्जनी, झेडआर ला मधलं बोट, दोन्ही कायम टेकलेली. सुरुवातीला मधलं बोट आखडेल, चार दिवसांत सुटतं. पुढे मार्वल व्हर्सेस कॅपकॉम २ कडे परत जाशील तेव्हा तर काहीच अडणार नाही, कारण त्यात दोन पंच, दोन किक आणि मदतनिसांची दोन, अशी सहाच बटणं आहेत. मध्यम फटका हलकं बटण दोनदा दाबून निघतो. चार अंगठ्याखाली, मदतनीस आर आणि झेडआर वर. हा खेळ हातातल्या मशीनला इतका चपखल बसतो की बनवणाऱ्यांनी तसा विचारही केला नसेल. कलेक्शनमध्ये एका बटणावर स्पेशल (पात्राची खास चाल) काढायची सोयही आहे. अंगठा दुखावलेल्या माणसाला ती वरदान आहे. तुझा अंगठा धडधाकट आहे, तू ती बंद ठेव.

आता क्वार्टर सर्कल, यावर जरा थांबू, कारण तुझा खरा अडथळा हाच आहे. ट्रेनिंग मोड लाव आणि पडद्यावर दाबलेल्या दिशा दिसतील ते चालू कर. स्पायडर-मॅन डावीकडे, तोंड उजवीकडे. वेब बॉल म्हणजे खाली, खाली-पुढे तिरकं, पुढे आणि पंच. वीस वेळा काढ. निघाला की नाही याची नोंद ठेवून उपयोग नाही. जेव्हा निघाला नाही तेव्हा पडद्यावर काय उमटलं ते वाच.

खाली आणि मग थेट पुढे उमटलं, मधलं तिरकं गायब? मग तू अंगठा उचलून टोचतोयस. पोळी लाटताना लाटणं उचलत नाही, दाब देत फिरवतो, तसा अंगठ्याचा मांसल भाग पॅडवर टेकवून फक्त कल बदल. तिन्ही दिशा उमटल्या आणि तरी नुसता पंच निघाला? मग पंच घाईत पडलाय, तिरक्यावर असतानाच. हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष आहे आणि पोरांना तो पटत नाही, कारण मनात त्यांनी पंच शेवटीच दाबलेला असतो. उपाय असा की मुद्दाम उशीर कर, पुढे पोचून थांबल्यासारखं वाटेल इतका, मग हळूहळू तो उशीर कमी कर. आणि वेब बॉलऐवजी स्पायडर-मॅन उडी मारत असेल तर अंगठा पुढे जाऊन वर घसरतोय. तेव्हा हालचाल छोटी कर. पॅडच्या कडेपर्यंत जायची गरजच नसते.

मग बाजू बदल. तोंड डावीकडे असताना तोच सर्कल उलटा, आणि बहुतेकांची एक बाजू लंगडी असते. तुझा दहातून चार हा आकडा बहुधा एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला एक असा असेल. दोन्ही बाजू वेगळ्या मोज. लंगड्या बाजूला दुप्पट वेळ दे. रोज दोन्हीकडे वीस-वीस, यापेक्षा जास्त नको. खेळ सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र सेकंदाचा साठावा भाग. पण तुला साठाव्या भागाइतकं वेगवान व्हायचं नाही; सर्कलला त्याहून बरीच ढील असते. तुझा क्रम चुकतोय, वेग नाही. हळू पण बरोबर काढलेला सर्कल पाच दिवसांत आपोआप वेगवान होतो. उलटं होत नाही, हे मी इतक्या पोरांमध्ये पाहिलंय की खात्रीनं सांगतो.

वीसपैकी अठरा निघायला लागले की आर्केड मोडमध्ये (मशीनविरुद्धच्या लढतीत) जा आणि हा सराव कर: प्रत्येक राउंडचे पहिले वीस सेकंद एकही फटका मारायचा नाही. फक्त ब्लॉक. मागची दिशा धरली की उभा ब्लॉक, मागे-खाली धरलं की बसून. पायावर येणारे वार बसून अडवायचे, वरून उडी मारून येणारे उभं राहून. या मालिकेत हवेतसुद्धा ब्लॉक करता येतो, तेही कर. पहिल्या दिवशी वीस सेकंद पुरे होणार नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी समोरच्याच्या हालचाली वेगवेगळ्या दिसायला लागतील: हा उडी घेणार, हा धावत येणार, हा लांबून काही फेकणार. त्या दिवशी तू खरा खेळायला लागलास असं समज. कॉम्बो त्यानंतर. हलका, मध्यम, जड अशी साखळी, एका विशिष्ट फटक्यानं समोरच्याला वर उडवायचं, आपण उंच उडी घेऊन हवेत तीच साखळी, शेवट स्पेशलनं. सगळ्या खेळांचा सांगाडा हाच आहे, फक्त पात्राप्रमाणे उडवणारा फटका बदलतो. तो ट्रेनिंगमध्ये एकेक बटण मारून स्वतः शोध, लक्षात राहतो.

त्यानंतर एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर. तिथे ब्लॉक करत असताना तिन्ही पंच एकत्र दाबले की समोरचा मागे ढकलला जातो. म्हणून तर बटणं अशी मांडली: अंगठा वाय आणि एक्सवर आडवा, तर्जनी आर वर, तिन्ही एका वेळी दाबता येतात. कोपऱ्यात अडकलेल्या माणसाला श्वास घ्यायला जागा देणारी ही चाल आहे. अंगात भिनेपर्यंत पुढच्या खेळाकडे जाऊ नकोस. मधले दोन खेळ मी फारसे शिकवत नाही, मजेसाठी खेळ.

ऑनलाइनचं म्हणशील तर कलेक्शनमध्ये रोलबॅक आहे. दुसऱ्याचं बटण नेटवरून पोचायच्या आत मशीन अंदाज बांधून खेळ पुढे नेतं आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतं. त्यामुळे थोडी दिरंगाई जाणवत नाही. पण वायफायच हलत असेल तर समोरचा मध्येच उड्या मारल्यासारखा दिसतो. होस्टेलच्या टोकाच्या खोलीतून किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रँक्ड (क्रमवारीच्या) मॅच खेळू नकोस, राउटरच्या खोलीत जाऊन बस. आणि पहिला महिना ऑनलाइन आठवड्यातून एकदाच.

बाहेर असताना खेळ, त्यासाठीच तर हे मशीन आहे. मी काही वर्षं पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जायचो-यायचो. इगतपुरीनंतर घाट लागला, बोगदे सुरू झाले की नेट जातं, आणि सरावाला याच्यासारखी जागा नाही. ट्रेनिंग मोडला नेट लागत नाही. माझा डावीकडचा सर्कल घरी नाही, कसारा घाटात सुधारला. गाडी हलते म्हणून हात घट्ट धरला जातो तेवढं बघ. डब्यात मशीन मांडीवरच्या बॅगेवर टेकव.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखायला लागलं तर त्याच क्षणी थांब. वीस-पंचवीस मिनिटांनी मशीन खाली ठेवून हात झटकायचे, मूठ उघड-बंद करायची. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डॉक्टरकडे जा, सराव वाढवून ते जात नाही. लाइट २७५ ग्रॅमचा आहे, हलका वाटतो, पण तासभर चिमटीत धरलेलं वजन वेगळं असतं.

राहिली फाइट स्टिक. स्टिकवर दिशा मनगटातून येते, अंगठ्यातून नाही, म्हणजे तुला पुन्हा शून्यापासून शिकावं लागेल, आणि बॅगेत ती मावणार नाही. तीन महिन्यांनी एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटरमध्ये दहापैकी तीन-चार मॅच जिंकायला लागलास आणि आर-झेडआर वर बोटं खरंच कमी पडतायत असं वाटलं, तर समोर सहा बटणं असलेला पॅड घे. लाइटला बाहेरचा कंट्रोलर जोडता येतो, फक्त मशीन उभं ठेवायला वेगळा स्टँड लागेल. मी स्वतः आजही अशा पॅडवर खेळतो, पार्लरमध्ये काठीवर शिकलेलो असूनही.

आज रात्री डी-पॅडची तीस वेळा दाबायची तपासणी करून घे. त्यात दोष निघाला तर सर्कलचे सगळे आकडे फोल आहेत, आधी रबर बदल आणि मग वीस-वीस मोजायला बस.